माणूस अडवता येत नाही, फाईल अडवता येते

ताई, सप्रेम नमस्कार.

भोसरी एमआयडीसीत आम्हा दोघा भावांचा रबर मोल्डिंगचा कारखाना आहे. ट्रॅक्टर आणि दुचाकीच्या इंजिनांना लागणारी गॅस्केट आणि सील बनवतो. एकूण तेवीस माणसं. आमचं नायट्राइल रबराचं कंपाउंड, म्हणजे रबर आणि रसायनांचं मिश्रण, धाकट्या भावाने सात वर्षं खपून बसवलेलं आहे.

आमचा प्रॉडक्शन इनचार्ज ११ वर्षं आमच्याकडे होता. आयटीआय करून हेल्पर म्हणून आला, आम्ही शिकवलं, वर चढवलं. त्याच्या लग्नाला आम्ही सहकुटुंब साताऱ्याला गेलो होतो. जानेवारीअखेर ‘गावाकडची शेती बघायचीय’ म्हणून त्याने राजीनामा दिला. मार्चमध्ये कळलं की तो चाकणच्या दुसऱ्या रबर कंपनीत लागलाय. मे महिन्यात आमच्या तीन जुन्या गिऱ्हाइकांकडे त्या कंपनीची कोटेशन्स गेली, प्रत्येक पार्टचा दर आमच्यापेक्षा तीन-चार टक्क्यांनी कमी. एका गिऱ्हाइकाचे परचेसवाले तर म्हणाले, ‘सॅम्पल तुमचंच वाटतंय, फक्त चलान दुसऱ्याचं.’

मग पुतण्याने त्या इनचार्जचा ऑफिसचा लॅपटॉप उघडला. त्यात त्याचं खासगी जीमेल तसंच उघडं राहिलेलं होतं. ८ जानेवारीच्या रात्री पावणेबाराला त्याने कंपनीच्या मेलवरून स्वतःला तीन फायली पाठवल्यात: कंपाउंड मास्टर, दरपत्रक आणि गिऱ्हाइकांची ड्रॉइंग्ज. पुतण्याने चौदा स्क्रीनशॉट काढून ठेवलेत.

नियुक्तीपत्रात स्पष्ट आहे की नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धकाकडे काम करणार नाही आणि कंपनीची माहिती बाहेर देणार नाही. पोलीस म्हणतात, हे सिव्हिल मॅटर आहे. आमच्या वकिलांनी नोटीस पाठवायचं ठरवलंय. आम्ही त्याचा शेवटचा पगार आणि ग्रॅच्युइटी धरून ठेवलीय. भाऊ म्हणतो, पेपरात फोटोसकट जाहीर नोटीस द्यायची. त्याला त्या नोकरीवरून काढायला लावता येईल का? तुम्हाला कल्पना यावी म्हणून कारखान्याचे फोटो जोडतोय.

एक लघुउद्योजक, भोसरी

---

नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण सगळा राग तिथेच साठलाय. नाही, त्याला त्या नोकरीवरून काढायला लावता येणार नाही. नियुक्तीपत्रातली दोन वर्षांची अट आहे ना, ती तुम्ही भक्कम समजून बसलात, आणि नेमकी तीच कोर्टात टिकत नाही.

आपला करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम २७ म्हणतं की कोणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. इंग्लंडमधली कोर्टं अशा अटी वाजवी आहेत का ते तपासतात आणि वाजवी असतील तर चालवून घेतात. आपल्याकडे नोकरी संपल्यानंतरच्या बंदीला ती सवलत नाही. दोन वर्षांची असो की दोन महिन्यांची, त्याने सही केलेली असो की अंगठा दिलेला असो. सर्वोच्च न्यायालयात १९८० साली सुपरिंटेंडन्स कंपनीच्या खटल्यात न्यायमूर्ती सेन यांनी हेच मांडलं, आणि २००६ साली तर आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानच्या बाबतीत कोर्टाने पुन्हा सांगितलं. त्याच्या जुन्या मॅनेजमेंट कंपनीचा करार असा होता की मुदत संपल्यावरही दुसऱ्याची ऑफर आली तर आधी आम्हाला दाखवायची, आम्ही तेवढंच द्यायला तयार असलो तर आमच्याकडेच राहायचं. कोर्ट म्हणालं, करार संपला, माणूस मोकळा.

तुमच्या वकिलांच्या नोटिशीत १९६७ चा गोलिकरी निकाल असणार, पैज लावते. मालकाच्या बाजूने निघालेल्या प्रत्येक नोटिशीत तो असतो. कल्याणच्या सेंच्युरीच्या टायर-कॉर्ड कारखान्यातला शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्ध्यात टाकून कोट्याच्या राजस्थान रेयॉनकडे गेला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला अडवलं. खरं आहे. पण अडवलं ते कराराची उरलेली मुदत संपेपर्यंत. तुमच्या माणसाने रीतसर राजीनामा दिला आणि तुम्ही तो स्वीकारला. त्याच्या कराराची मुदत उरलेलीच नाही.

म्हणजे तो चाकणला कामाला जाणार. तिथेही रबरच बनवणार. अकरा वर्षांत त्याच्या हाताला जे वळण लागलं, मिलवरचं, म्हणजे रबर मळायच्या यंत्रावरचं, रबर नुसतं बोटाने दाबून ‘अजून दोन मिनिटं’ म्हणण्याची जी नजर आली, ती त्याची आहे. तुम्ही शिकवलीत हे खरं, पण ती परत मागता येत नाही. मी हे मुद्दाम कडक शब्दांत लिहितेय, कारण दाव्यात तुम्ही ‘त्याला काम करू देऊ नका’ असं पहिलं मागणं मांडलंत तर न्यायाधीशांचं मन तिथेच उडेल, आणि त्याखालची जी खरी, मिळण्याजोगी मागणी आहे तिच्याकडेही ते संशयाने बघतील.

तुमच्या अटीचा दुसरा अर्धा भाग, ‘कंपनीची माहिती बाहेर देणार नाही’, हा मात्र कलम २७ च्या तडाख्यात येत नाही. त्यामुळे धंद्यावर बंदी येत नाही, चोरीच्या मालावर येते. एवढंच काय, अशी अट लिहिलेली नसती तरी विश्वासाने हाती दिलेली माहिती विश्वास मोडून वापरू नये, हे तत्त्व आपली कोर्टं मानतात. आपल्याकडे व्यापारी गुपितांचा वेगळा कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये २८९ व्या अहवालात तसा कायदा करा म्हणून मसुद्यासकट शिफारस केली आहे. तोवर करार कायदा, कॉपीराइट कायदा, माहिती तंत्रज्ञान कायदा आणि हे विश्वासाचं तत्त्व, अशा चार ठिकाणच्या काठ्या गोळा करून मांडव उभा करायचा.

आता तो मांडव कशावर उभा राहणार ते बघू. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली झी टेलिफिल्म्स आणि सनडायल यांच्या खटल्यात कसोटी घालून दिली. एका मालिकेच्या कल्पनेचा वाद होता तो, पण कसोटी रबरालाही लागते. नेमकी कोणती माहिती ते बोट ठेवून दाखवा. ती विश्वासाने दिली होती हे दाखवा. ती मुळात गुप्त म्हणण्यासारखी आहे का ते दाखवा. आणि ती परवानगीशिवाय वापरली, किंवा वापरली जाण्याचा धोका आहे, हे दाखवा. ‘आमचं सगळं नॉलेज घेऊन गेला’ हे वाक्य पहिल्याच पायरीवर घसरतं. तीन फायली आहेत, तर तीन वेगळी उत्तरं आहेत.

कंपाउंड मास्टर. तुम्ही पाठवलेल्या फोटोंपैकी चौथा मी मोठा करून पाहिला. मिक्सिंग मिलच्या शेजारी भिंतीला खाकी टेपने एक बॅच कार्ड चिकटवलंय. त्यावर रबर किती किलो, कार्बन ब्लॅक किती, झिंक ऑक्साइड किती, सगळं मार्करने लिहिलेलं, फोटोतसुद्धा वाचता येतं. ट्रान्सपोर्टवाला, कुरियरवाला, ऑडिटला आलेला गिऱ्हाइकाचा माणूस, सगळे तिथून जातात. समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार: भिंतीवर लावलेली गोष्ट गुपित कशी?

माझं काळीज जरा हललं ते पाहून. पण मग त्याच कार्डाच्या शेवटच्या तीन ओळी दिसल्या. ‘बी-७ – १ पुडी. के-२ – १ पुडी. शेवटी डी-४.’ तुमच्या भावाला फोन करून विचारलं तेव्हा ते म्हणाले, ॲक्सलरेटर (रबर लवकर पक्कं करणारं रसायन) आणि अँटिऑक्सिडंट (रबर लवकर खराब होऊ न देणारं) ते स्वतः वरच्या खोलीत वजन करून पुड्या बांधतात, खाली फक्त नंबर जातो. कुठला नंबर म्हणजे कुठलं रसायन आणि किती ग्रॅम, हे फक्त त्या एक्सेलच्या ‘मास्टर’ फाईलमध्ये आहे, आणि तिचा पासवर्ड तिघांकडे होता: तुम्ही, भाऊ आणि तो. उत्तम! तुमचं गुपित भिंतीवर नाही, पुडीत आहे. दाव्यात ‘आमची रेसिपी’ असं न लिहिता ‘अमुक कोडांची किल्ली असलेली अमुक नावाची फाईल’ असं लिहा. ती फाईल उघड्या दाव्याला जोडू नका, नाहीतर गुपित तुम्हीच कोर्टाच्या नकला विभागातून बाहेर पाठवाल. सीलबंद लिफाफ्यात सादर करण्याची परवानगी मागायची.

इथे एक फट आहे, ती आधीच सांगते. बाजारात विकलेलं गॅस्केट कोणीही विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासू शकतं. त्यात रबर किती टक्के, काजळी किती, राख किती, हे निघतं. तसं करणं गुन्हा नाही. चाकणवाले हेच म्हणतील. पण ॲक्सलरेटरचं नेमकं मिश्रण आणि मिलवर कुठली पुडी कितव्या मिनिटाला पडते, हे तयार मालातून इतक्या सहज निघत नाही. मार्चमध्ये माणूस लागला आणि मेमध्ये सॅम्पल बाहेर. तुमच्या भावाला जिथे सात वर्षं लागली तिथे त्यांना सात-आठ आठवडे पुरले. त्यांनी स्वतः घेतलेल्या चाचण्यांच्या नोंदी दाखवाव्यात, हा प्रश्न कोर्टातून विचारून घ्या. गिऱ्हाइकाकडून ते सॅम्पल मिळालं तर दोन्ही गॅस्केटांचं कॉम्प्रेशन सेट (दाबून सोडल्यावर रबर कितपत पूर्ववत होतं ते) आणि रासायनिक विश्लेषण एकाच मान्यताप्राप्त लॅबमधून करून घ्या.

दरपत्रक. गिऱ्हाइकांची नावं गुप्त नाहीत. भोसरी-चाकण पट्ट्यात कोण कोणाला माल देतं हे चहाच्या टपरीवर कळतं. त्या नावांवर दावा करू नका. पण दरपत्रकात पार्टवार कच्च्या मालाचा खर्च, रिजेक्शन आणि तुमचा नफा असेल तर ती वेगळी चीज. प्रत्येक पार्टला तीन-चार टक्के कमी, हा योगायोग नसतो. तुमचं कोटेशन आणि त्यांचं कोटेशन शेजारी-शेजारी ठेवून एक तक्ता करा. तोंडी युक्तिवादापेक्षा तो तक्ता जास्त बोलतो.

इथेच कॉपीराइट कायदाही कामाला येतो. तक्ते आणि संगणकीय डेटाबेस हे त्या कायद्यात ‘साहित्यकृती’ आहेत, वाचून हसू आलं तरी. आणि नोकराने नोकरीत तयार केलेल्या कामाचा पहिला मालक मालकच असतो. दिल्ली उच्च न्यायालयाने १९९५ साली बर्लिंग्टन होम शॉपिंगच्या खटल्यात गिऱ्हाइकांचा डेटाबेस घेऊन गेलेल्या माजी कर्मचाऱ्याला याच आधारावर थोपवलं. नंतर २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी जरा कडक केली: नुसती मेहनत पुरत नाही, त्यात काही कौशल्य आणि निवड दिसायला हवी. तुमच्या खर्चाच्या तक्त्यात ती दिसेल. मात्र कॉपीराइट फाईलच्या नकलेला लागतो, आत लिहिलेल्या ज्ञानाला नाही. म्हणून तो एकटा पुरणार नाही, विश्वासभंगाच्या जोडीला घ्यायचा.

तिसरी फाईल, ड्रॉइंग्ज. ही तुमची नाहीतच! ती गिऱ्हाइकांची आहेत, आणि बहुतेक तुम्ही त्यांना गुप्ततेचा करार लिहून दिलेला असणार. म्हणजे ती बाहेर गेल्याबद्दल उद्या गिऱ्हाईक तुमच्यावर येऊ शकतं. लाजेखातर लपवू नका. करार बाहेर काढून वाचा, आणि त्यात कळवायची मुदत असेल तर त्या मुदतीत लेखी कळवा. मोठ्या गिऱ्हाइकाने चाकणला एक पत्र टाकलं की ‘आमची ड्रॉइंग्ज तुमच्याकडे कशी?’, तर जे तुमच्या दहा नोटिशींनी होणार नाही ते त्याने होईल, असं मी एकाहून जास्त वेळा पाहिलंय.

आता पुतण्याकडे येते. त्याला रागावू नका, पण ऐका. लॅपटॉप कंपनीचा, तो उघडणं ठीक. त्या लॅपटॉपवर उघडं राहिलेलं दुसऱ्याचं खासगी जीमेल वाचणं ठीक नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या खात्यात शिरणं आणि त्यातून प्रती काढणं याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं जे कलम लागतं, तेच कलम तुम्ही त्याच्यावर लावायला निघालात. भारतीय कोर्टं वाकड्या मार्गाने आलेला पुरावाही, मुद्द्याला धरून असेल तर, सहसा सरसकट फेकून देत नाहीत. पण उलट फिर्याद मात्र बसते, आणि पोलीस ठाण्यात दोन फिर्यादी समोरासमोर आल्या की साहेब म्हणतात, ‘बसून मिटवा.’

सुदैवाने ते चौदा स्क्रीनशॉट लागतच नाहीत. मेल पाठवला कुठून? कंपनीच्या खात्यातून. मग त्याची प्रत कंपनीच्या ‘सेंट’मध्ये आहे, तुमच्या सर्व्हरवर आहे, ॲडमिनच्या नोंदीत आहे. तिथून कायदेशीर मार्गाने काढा. आज, कारण काही नोंदी ठराविक काळाने आपोआप पुसल्या जातात. त्याचं कंपनीचं खातं पैसे वाचवायला बंद केलं असेल तर आधी ते वाचवता येतं का बघा. आणि लॅपटॉप आता कोणीही चालू करायचा नाही. नुसतं चालू केलं तरी कित्येक फायलींच्या तारखा बदलतात. तो पाकिटात घाला, पाकिटावर तारीख आणि दोघांच्या सह्या, आणि सायबर फोरेन्सिकवाल्याकडून हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत काढून घ्या. त्या प्रतीचा एक हॅश नंबर निघतो, डिस्कचा अंगठाच म्हणा ना. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला जे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याचे आता दोन भाग आहेत. एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात हा हॅश लिहावा लागतो. जुन्या साक्ष कायद्यातल्या कलम ६५-ब च्या सवयीने एका पानावर काम उरकणारे वकील अजून भेटतात. तुमचे तसे नाहीत ना, पाहून घ्या.

यानंतर सगळ्यात नाजूक निर्णय: नोटीस आधी की दावा आधी?

तुमच्या वकिलांनी नोटीस पाठवायचं ठरवलंय. सवय तशीच असते. पण नोटीस पोस्टाने चाकणला पोचते, तिथे ती वाचली जाते, आणि संध्याकाळपर्यंत फायली पुसलेल्या असतात. म्हणून वापर थांबवायचा एवढाच हेतू असेल तर नोटीस ठीक. पण माल त्यांच्याकडे आहे हे पकडायचं असेल तर आधी कोर्ट. पुण्याच्या जिल्हा न्यायालयात दावा, सोबत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज, आणि त्याच्या पोटात कोर्ट कमिशनर नेमण्याची मागणी. समोरच्याला कळवलं तर पुरावाच नाहीसा होईल हे पटवलं तर कोर्ट एकतर्फी हुकूम देऊ शकतं, मात्र त्याची कारणं लिहून. मग कमिशनर फोरेन्सिकवाल्याला घेऊन थेट त्या कंपनीत जातो आणि संगणकांच्या प्रती काढून कोर्टात जमा करतो.

अशा एका कमिशनच्या वेळी मी हजर होते. कंपनीचं नाव घेत नाही. अकाउंट्सच्या खोलीतल्या एका जुन्या संगणकावर ‘चिकूचा वाढदिवस’ नावाचं फोल्डर होतं. कमिशनर तरुण होता, पुढे जाणार होता. फोरेन्सिकच्या मुलीने फक्त फोल्डरचा आकार पाहिला आणि म्हणाली, ‘सर, वाढदिवसाच्या फोटोंत एकही फोटो नाही.’ आत एकशेसाठ ड्रॉइंग्ज होती. केकवर मेणबत्ती मात्र एकही नव्हती.

दाव्यात तो माणूस आणि चाकणची कंपनी, दोघांना प्रतिवादी करा. त्याला एकट्याला केलंत तर कंपनी नामानिराळी राहते. काय मागायचं? त्या तीन फायली आणि त्यातली माहिती वापरू नये, उघड करू नये. असलेल्या सगळ्या प्रती कोर्टात जमा कराव्यात. कोणाकोणाला दिल्या ते प्रतिज्ञापत्रावर सांगावं. एवढंच. हुकूम मोडला तर मालमत्ता जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. कॉपीराइटचा मुद्दा घेतल्यावर दावा व्यापारी न्यायालयाचा होतो, आणि तिथे दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे. तातडीचा तात्पुरता हुकूम मागत असाल तर त्यातून सूट आहे. पण तातडी खरी दिसायला हवी. तुम्हाला मार्चमध्ये कळलं, मेमध्ये कोटेशन्स दिसली. करारभंगाच्या दाव्याला कायद्याने तीन वर्षं आहेत, तरी मनाई हुकमाला प्रत्येक गेलेला आठवडा महाग पडतो. न्यायाधीश विचारतात, ‘इतके दिवस काय करत होता?’ दिवाळीनंतर बघू म्हणालात तर दावा राहील, हुकूम राहणार नाही.

नुकसानभरपाईचं फार मनावर घेऊ नका. मागा जरूर, पण कोणतं गिऱ्हाईक नेमकं याच कारणाने गेलं आणि त्यात किती बुडालं हे सिद्ध करता करता वर्षं जातात. आपल्याकडे या प्रकरणांत खरी लढाई पहिल्या मनाई अर्जावरच जिंकली किंवा हरली जाते. बरेच दावे तिथेच तडजोडीत निघतात.

पोलिसांचं ‘सिव्हिल मॅटर’ हे अर्धसत्य आहे. एकच कृत्य दिवाणी आणि फौजदारी दोन्ही असू शकतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे परवानगीशिवाय डेटा उतरवून घेणं, नक्कल करणं हे नुकसानभरपाईला पात्र. तेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो गुन्हा दखलपात्र आहे, पण जामीनपात्र. कॉपीराइटचं कलम ६३ मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवलंय. आणि नोकराने केलेल्या विश्वासघाताला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ (४) आहे, सात वर्षांपर्यंत. त्यात एक गंमत आहे, वकिलांनाच आवडेल अशी. जुन्या दंड संहितेत जंगम मालमत्तेच्या व्याख्येत ‘मूर्त’ असा शब्द होता, त्यामुळे फाईल ही मालमत्ता आहे का यावर तासन्‌तास घालवता यायचे. नव्या संहितेच्या व्याख्येत तो शब्दच नाही.

पण सगळी कलमं एकदम ओतू नका. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली, सॉफ्टवेअर कंपनीच्या नोकरांवर डेटा चोरीचा गुन्हा होता त्या गगन हर्ष शर्मा प्रकरणात, म्हटलं की त्याच कृत्याला माहिती तंत्रज्ञान कायदा हा विशेष कायदा लागू असताना दंड संहितेची कलमं सोबत चालवता येणार नाहीत. आरोपीचा वकील हा निकाल पहिल्याच तारखेला काढतो. म्हणून फिर्यादीचा कणा कलम ४३ आणि ६६ ठेवा. या गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, तेव्हा चौकीत हवालदाराशी वाद घालत बसण्यापेक्षा पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाच्या सायबर शाखेकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. सोबत मेलच्या नोंदी, प्रमाणपत्र आणि ‘ही फाईल बाहेर पाठवायची परवानगी नव्हती’ हे दाखवणारा एखादा तरी कागद. परवानगी नव्हती हा त्या कलमाचा जीव आहे. त्याला पासवर्ड तुम्हीच दिला होता, हे विसरू नका. तरी दाद लागली नाही तर वरिष्ठांकडे आणि मग दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याची वाट आहे.

फौजदारी आधी की दिवाणी? माझं मत दिवाणी. पोलीस आधी गेले तर लॅपटॉप आणि संगणक जप्त होऊन मुद्देमाल खोलीत पडतात, आणि तुमचा कमिशनर रिकाम्या टेबलांचा पंचनामा करून येतो. माझे काही वकील मित्र उलटं सांगतील. त्यांचं म्हणणं, पोलिसांच्या फोनने माणूस जितका हलतो तितका समन्सने हलत नाही. हलतो खरा, पण फाईल परत येत नाही.

पगार आणि ग्रॅच्युइटी लगेच द्या. ११ वर्षं झाली, राजीनामा स्वीकारला, ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायला हवी होती. ती जप्त करता येते ती विशिष्ट कारणांसाठी तुम्ही कामावरून काढलेल्या माणसाची. स्वतः सोडून गेलेल्याची नाही. मनाई हुकूम हा विवेकाधीन दिलासा आहे, द्यायचा की नाही ते कोर्ट ठरवतं, आणि तो मागणाऱ्याचे हात स्वच्छ लागतात. ‘साहेब, माझे हक्काचे पैसे बुडवायला हा दावा केलाय’, हे वाक्य त्याच्या वकिलाला फुकट देऊ नका. देताना पत्रात लिहा की हे देणं आमच्या इतर हक्कांना बाध न आणता देत आहोत.

आणि पेपरातली फोटोवाली नोटीस अजिबात नको. ‘सदर इसमाशी आमच्या फर्मचा संबंध राहिलेला नाही’ एवढं कोरडं वाक्य गिऱ्हाइकांना मेलने पाठवा, खुशाल पाठवा. पण ‘चोर’, ‘विश्वासघातकी’ असे शब्द, वर लग्नातल्यासारखा फेटेवाला फोटो आणि मग ते कात्रण एमआयडीसीच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर? बदनामीची फिर्याद तुमच्यावर येईल. तुमच्या भावाचा राग समजतो मला. साताऱ्याला लग्नाला गेलेल्या माणसाचा राग आहे तो. वकिलाच्या मसुद्यात त्याला जागा नाही.

सोमवारी वकिलांकडे जाताना एवढं न्या: नियुक्तीपत्र, राजीनामा आणि स्वीकृतीचं पत्र, ८ जानेवारीच्या मेलची सर्व्हरवरून काढलेली नोंद, दोन्ही कोटेशनांचा तक्ता, गिऱ्हाइकांशी केलेले गुप्तता करार, आणि मास्टर फाईलचा पासवर्ड कोणाकोणाकडे होता याचं भावाच्या हातचं टिपण. पुतण्याचे स्क्रीनशॉट नेऊ नका, पण ते आहेत हे वकिलांना तोंडाने सांगा. आपल्याच वकिलापासून लपवलेली गोष्ट उलटतपासणीत बाहेर येते तेव्हा फार वाईट दिसते.

भिंतीवरचं ते बॅच कार्डही आता काढा. पण फाडून टाकू नका. आहे त्या जागी फोटो काढा, मग उतरवा, मागे तारीख लिहा आणि फाईलला लावा. त्याच्याबद्दल विचारणार आहेतच, आणि तेव्हा बी-७ ची ती ओळ तुम्हाला दाखवावी लागेल.